सत्यभामाबाईची जागा

“मी कुठी म्हणून राह्यली का मी आली होती? मी म्हणून राह्यली का माह्या घरचं माणूस आलं होतं.”

“मावशी, हजेरी माणसाची असते. घराची नसते.”

“काऊन नसते? सावडीत असते ना.”

“ही सावड नाही. हा कारखाना आहे.”

“मंग कारखान्याले काय पाह्यजे? काम. शनवारी माह्यी जागा रिकामी होती का? सांगा. होती का?”

“रिकामी नव्हती. पण जागेवर सारिका बसली होती आणि हजेरीत तुमचं नाव होतं.”

“मंग बरोबर हाये. सून कोणाची हाये?”

सुचितानं पेन टेबलावर ठेवलं, चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत घातला. समोरचं काही बदललं नव्हतं. सत्यभामाबाई तशाच उभ्या होत्या. साडीवर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, दोन्ही हात कमरेवर. त्यांच्या मागे हजेरीला लागलेल्या बायकांची रांग. आठची पाळी सुरू व्हायची वेळ टळून गेली होती, पण रांगेतली एकही बाई आत सरकायला तयार नव्हती. फुकटचा तमाशा कोण सोडतं.

“मावशी, भिंतीवर काय लावलंय ते वाचलं का?”

“मले वाचता येत नाई.”

“मग मी वाचते.”

“कायले वाचता? सारिकानं वाचून दाखोलं मले. त्याच्यातलं दोन नंबरचं चुकलं हाये.”

साखरखेर्ड्याच्या बाहेर, रस्त्याला लागून पत्र्याची ही लांबलचक शेड. इथे सोयाबीनचं बियाणं तयार होतं. एका टोकाला माल चाळणारं मशीन, तिथून निघालेला रबरी पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या बायका. पट्ट्यावरून दाणे वाहत येतात आणि बायकांचे हात त्यातून खडा, फुटका दाणा, काळा दाणा टिपत जातात. पट्ट्याच्या शेवटी थैल्या भरायच्या, शिवायच्या आणि ट्रकमध्ये टाकायच्या. पेरणीच्या आधीचे दोन महिने या शेडला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि नेमके तेच दोन महिने या भागातल्या समस्त पोरापोरींच्या लग्नाचे.

सुचिता इथली सुपरवायझर. मूळची बीबीची, कृषी पदविका झालेली, गावात खोली करून राहणारी. मागच्या पावसाळ्यात रुजू झाली तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं काम बियाण्याचं आहे. उगवणशक्ती, ओलावा, लॉट नंबर. पहिल्या आठवड्यातच कळलं की बियाणं बिचारं गुणी आहे, सांगितल्या जागी पडून राहतं. माणसं राहत नाहीत. मशीनवरचे उकंडराव एक दिवस गैरहजर राहिले, तेव्हा तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं होतं.

“कुठे होता काल?”

“तेरवी होती म्याडम. साळ्याच्या सासऱ्याची.”

“साळ्याचा सासरा तुमचा कोण?”

“मले सासऱ्यासारखाच की.”

“आणि मागच्या महिन्यात गेला तो?”

“तो चुलतसाळ्याचा. तो थोडा दूरचा होता. पण मानूस लय चांगला.”

तसाच कोणाचा बाजार, कोणाच्या पोरीला पाहायला आलेले पाहुणे, कोणाच्या गोठ्यात व्यालेली म्हैस. रोज सकाळी सुचिता पट्ट्याकडे पाहायची आणि पट्टा पडक्या दातांसारखा दिसायचा. एक बाई, मग फट, दोन बाया, मग फट.

एकच जागा कधी रिकामी दिसली नाही. खिडकीजवळची, सत्यभामाबाईंची. कारखाना सुरू झाल्यापासून चार वर्षांत सत्यभामाबाईंचा एक खाडा नव्हता. मागच्या दिवाळीत राजकुमारशेठनी, म्हणजे मालकांनी, सगळ्यांसमोर त्यांना साडी-चोळी दिली आणि म्हणाले, “हिच्याकडून शिका.” सुचितानं टाळ्या वाजवल्या होत्या. मनापासून.

फक्त एक गोष्ट तिला उमगत नव्हती. ही बाई भारी लहरी होती. सोमवारी अखंड बडबड, पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांना कामाला लावणार. मंगळवारी तोंडातून चकार शब्द नाही, पण हात असे चालायचे की डोळ्यांना दिसू नयेत. बुधवारी मध्येच गाणं गुणगुणणार, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर कोणाचे तरी बांगड्यांचे फोटो बघणार. धुरळ्यामुळे सगळ्या बायका डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल गुंडाळून बसतात, अंगात घरच्या माणसाचा जुना शर्ट. दिसतात ते फक्त डोळे. “सत्यभामा,” म्हणून हाक मारली की खिडकीपासून “हाव,” येतो. झालं. सुचितानं त्या लहरीपणावर विचारसुद्धा केला. घरी काही त्रास असेल का, औषधं चालू असतील का. एकदा तर हळूच जवळ जाऊन म्हणाली, “मावशी, काही टेन्शन आहे का?” रुमालातले डोळे गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले, आणि आतून विशीतल्या पोरीचा आवाज आला, “मले? नाई बा.”

तेव्हा तिला कळलं की सत्यभामा नावाच्या तीन बायका आहेत.

एक स्वतः सत्यभामाबाई. दुसरी थोरली सून सारिका, ती मुकी आणि वेगवान. तिसरी धाकटी रेणुका, ती गाणारी. रोज रात्री भाकरी थापता थापता सत्यभामाबाई ठरवत: उद्या तू कारखान्यात, तू वावरात धसकटं वेचाले, मी घरी वाळवणाले. सकाळी त्याप्रमाणे तीन बाया तीन दिशांना जात. जिच्या वाट्याला कारखाना, ती त्या दिवशी सत्यभामा.

हे सगळ्या पट्ट्याला माहीत होतं. उकंडरावांना माहीत होतं. गेटवरच्या कुत्र्यालाही बहुधा माहीत होतं. सुचिता चिडली तेव्हा उकंडराव म्हणाले, “आता यात काय लपोलं होतं म्याडम? तुम्ही इचारलं नाई.”

आणि खरंच कोणी लपवलं नव्हतं. सत्यभामाबाई धाड गावाहून इथे लग्न होऊन आल्या आणि पुढे पंचवीसेक वर्षं निंदणाऱ्या बायकांच्या मुकादमीण होत्या. शेतकऱ्यानं रात्री येऊन सांगायचं, उद्या वीस बाया पाहिजेत. सकाळी वीस बाया बांधावर हजर. एकीचं पोरगं आजारी पडलं तर तिची नणंद येईल, नणंद नसेल तर जाऊ. वीस म्हणजे वीस. त्यातली कोण कुठली, हे कोणी विचारलं नाही. आणि सावडीत तर तसंच असतं: आज तुमच्या घरचं माणूस आमच्या वावरात, उद्या आमच्या घरचं तुमच्या. दिवस फिटला पाहिजे. त्या जगात गैरहजर राहणं म्हणजे घराचं नाक कापणं, आणि बदली माणूस पाठवणं म्हणजे घराची अब्रू. ज्या दिवशी ही शेड उभी राहिली, त्या दिवशी शेठना पट्ट्याला बसायला बायका आणून दिल्या त्या सत्यभामाबाईंनीच. तेव्हा त्यांनी दिलेला शब्द असा होता: “माह्यी जागा रिकामी नाई राहणार.” तो त्यांनी पाळला होता. साडी उगाच नव्हती मिळाली.

त्यांचं पाहून बाकीच्या बायकाही शिकल्या. गैरहजर राहिलं तर सुपरवायझर रागावते ना, मग राहायचंच नाही. कोणी बहीण धाडली, कोणी सासू. एक दिवस एका जागेवर नऊ महिने भरत आलेली पोरगी येऊन बसली, वहिनीच्या बदली. तिला घरी जा म्हणून समजावता समजावता सुचिताची अर्धी सकाळ गेली.

म्हणून हे नियम. नियम एक, न यायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी कळवायचं. नियम दोन, आपल्या जागेवर दुसरं कोणी पाठवायचं नाही. नियम तीन, न कळवता तीनदा गैरहजर तर काम बंद. कागद प्लास्टिकमध्ये घालून पाण्याच्या पिंपाच्या वर, जिथे दिवसातून दहादा नजर जाते तिथे.

“मले येक सांगा,” सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता, म्हणजे आता मुद्दा येणार होता. “तुम्ही जयंतीले सुट्टी काढून गावाले गेल्त्या. त्या रोजी तुमच्या खुर्चीवर कोण होतं?”

“कोणी नव्हतं.”

“तेच म्हणून राह्यली मी. दोन घंटे मशीन बंद होती. मोठ्या भैनीले पाठवून द्याचं होतं ना.”

रांग हसली. सुचितालाही हसू आलं, म्हणून ती जास्तच चिडली.

“माझ्या बहिणीला बियाण्यातलं काय कळतं?”

“तिले नाई कळत ना? माह्या सुनाईले कळते.”

हे सोमवारचं. पुढल्या तीन दिवसांत नियमाला काही झालं नाही आणि सत्यभामाबाईंनाही. मंगळवारी खिडकीजवळ मुकी सत्यभामा होती, बुधवारी बडबडी. सुचिता रोज टेबलावरून उठायची, खिडकीपाशी जायची, रुमालातल्या डोळ्यांकडे पाहायची आणि परत यायची. घालवली तर पट्ट्याला फट पडणार, आणि ट्रक दारात उभा. “उद्यापासून नाही चालणार,” ती म्हणायची. “हाव,” रुमाल म्हणायचा.

गुरुवारी गाणारी आली होती. दुपारी थैल्या शिवणारी बाई जेवायला उठली, थैल्या साचल्या, आणि रेणुकानं आपण होऊन शिलाईचं मशीन हातात घेतलं. तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. शिकलेली सत्यभामा वेगळी होती. सुई तिच्या अंगठ्याच्या बाजूच्या बोटातून आरपार गेली आणि दोरा घेऊन खाली उतरली.

सुचितानं तिला स्कूटीवर मागे बसवून गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटातला दोरा काढला, टाके घातले, आणि कागद पुढे ओढला.

“पेशंटचं नाव?”

सुचितानं हजेरीत जे होतं ते सांगावं, की समोर जे बसलं होतं ते.

“सत्यभामा,” रेणुकानं स्वतःच सांगितलं. घामानं थबथबलेली, ओठ पांढरे पडलेले, पण कामात चूक नको.

“वय?”

“लिवा पंचावन.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग सुचिताकडे पाहिलं. सुचिता भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत होती.

“बाई,” डॉक्टर म्हणाले, “हे बोट पंचावन्न वर्षांचं नाही.”

संध्याकाळी राजकुमारशेठचा चिखलीहून फोन. ते ओरडत नाहीत, हीच अडचण आहे. “सुचिताताई, आज बोट होतं. उद्या हात गेला तर विमेवाला विचारेल, हात कोणाचा. काय सांगू मी? घराचा?” मग थोडं थांबून, “सोमवारपासून एका जागेवर एक बाई. त्या घरातल्या जिचं नाव सांगतील ती कायम. त्याच नावावर विमा, त्याच नावावर बँकेत पगार. बाकीच्या दोघी गेटाच्या आत नकोत. तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघतो.”

एवढं सगळं खुर्चीतून सांगायला सोपं असतं.

शनिवारी संध्याकाळी सुचिता त्या घरी गेली. ओसरीवर खाट, खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या, म्हणून तिला बसायला पिठाचा डबा मिळाला. चहा आला. रेणुकाचं बोट पांढऱ्या पट्टीत ताठ उभं होतं, जणू काही विचारायला हात वर केलाय.

“मावशी, सोमवारी मला एक नाव पाहिजे. तुमचं, सारिकाचं किंवा रेणुकाचं. जे सांगाल ते कायम.”

“आन बाकीच्या दोघी?”

“बाकीच्या दोघींनी यायचं नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

सत्यभामाबाईंनी बशीतला चहा फुंकला. “म्हणजे माह्यं नाव लिवलं तं मी रोज कारखान्यात. मंग घरचं कोण पाह्यन?”

“घरचं सासू पाह्यते का सुना पाह्यते?” सारिका चुलीजवळून म्हणाली. ती सहसा बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी तिकडे पाहिलं. “आत्याबाईचंच राहू द्या म्याडम. पह्यलेपासून त्याईचंच हाये.”

“राहू द्या म्हणून राह्यली,” सत्यभामाबाई म्हणाल्या, “म्हणजे तुले उन्हात वावर करा लागन रोज. इचार केला का?”

“मले वावरच बरं हाये. तिथी कोणी तोंड बांधून बसवत नाई.”

“झालं मंग. माह्यंच लिवा. पण म्याडम, कधीमधी गुडघे धरले तं...”

“तर सुट्टी. कळवायचं आणि घरी बसायचं. कोणाला पाठवायचं नाही.”

“जागा रिकामी ठिवाची?”

“हो.”

सत्यभामाबाई सुचिताकडे अशा बघत राहिल्या, जणू तिनं पाहुण्याला उपाशी पाठवायला सांगितलं होतं.

“माह्यं लिवा,” रेणुका म्हणाली.

कुरडयांवरची माशी कोणी हाकलली नाही.

“काय म्हटलं तुनं?”

“माह्यं नाव लिवा म्हटलं. सुई माह्या बोटात गेली.”

“गेली तं काय उपकार केले? कोणं सांगतलं होतं मशीनले हात लावाले?”

“तुम्हीच सांगता ना आत्याबाई, आपली जागा असो का नसो, काम अडू देऊ नोको.”

“उलटून बोलून राह्यली का?”

“नाई. जे म्हणता तेच सांगून राह्यली. चार वर्षं झाली लग्नाले. कारखान्यात गेली तं सत्यभामा. दवाखान्यात गेली तं सत्यभामा. दिवाळीची साडी भेटली, तेबी सत्यभामाले. माह्यं येकबी काम माह्या नावावर नाई. तुमाले वावर हाये, घर हाये, गावात नाव हाये. सारिकाबाईले वावर आवडते. मले तो पट्टा आवडते. तिथी बाया गाणं म्हणतात.”

“गाण्यासाठी नोकरी पाह्यजे हिले,” सत्यभामाबाई सुचिताला म्हणाल्या. पण त्यांचा आवाज सुचिताकडे येता येता मध्येच कुठेतरी बसला. “आन रोज रात्री मी काय सांगू मंग? उद्या तू हितं, तू तिथं? सांगाले काय राह्यन?”

सुचिता उठली. “सोमवारी सकाळी,” ती म्हणाली, “नाव.” बाहेर येऊन स्कूटी सुरू करताना तिला आतून सासूचा आवाज ऐकू येत होता, आणि पहिल्यांदाच, मधूनमधून, सुनेचाही.

रविवारी संध्याकाळी सुचिता खोलीत भात टाकत होती तेव्हा फोन वाजायला लागला.

“म्याडम, उद्या येत नाई. बीबीले लग्न हाये.”

“बरं.”

“कळोलं हां मी. नियम येक.”

पाठोपाठ दुसरा. मग ग्रुपवर मेसेज, मग ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप, त्यात मागे बँडचा आवाज. “म्याडम, उद्याची सुट्टी. नियमापरमानं कळोत हाओ.” कोणी हात जोडलेले, कोणी फुलं. उकंडरावांनी फोन केला. “पाहुणा हाये म्याडम, नवरदेवाच्या मामाचा साडू. आधी सांगून राह्यलो. आता तुमाले तकरार राह्यली नाई पाह्यजे.”

“उकंडराव, तुम्ही नसला तर मशीन कोण चालवणार?”

“तेच तं. मी भाच्याले धाडत होतो. पण नियम दोन आडवा आला.”

भात खाली लागला. सुचिता तो करपलेला वास घेत उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तिनं पहिला नियम लिहिताना एक गोष्ट लिहिली नव्हती. कळवायचं, एवढंच लिहिलं होतं. एका दिवशी किती जणींनी कळवायचं, हे नाही. या लोकांना सुट्टी घ्यायला तिनं रस्ता बांधून दिला होता, वर दिशादर्शक फलक लावून.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा रेणुका आधीच खिडकीजवळ बसलेली होती. रुमाल बांधलेला नव्हता. तोंड उघडं, पट्टीचं बोट मांडीवर. पट्ट्याला आणखी चार-सहा बाया. बाकी सगळी फट. ट्रक गेटात उभा. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत दात कोरत बसलेला.

सत्यभामाबाई टेबलापाशी उभ्या होत्या. शर्ट घातला होता, रुमाल हातात होता. रात्रभर भांडण झालं होतं हे सांगायची गरज नव्हती.

“मावशी, कोणाचं नाव?”

“बसली ना जाऊन ते,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “माह्या उठाच्या आधी उठून आली. चहाबी नाई केला. लिवा. बोट तिचं, नाव माह्यं कायले?”

“नक्की?”

“लिवा म्हटलं ना. का आता मले गाणं म्हणा लागन?”

सुचितानं ‘सत्यभामा’वर रेघ मारली आणि वर ‘रेणुका’ लिहिलं. सत्यभामाबाई ती रेघ पाहत होत्या. वाचता येत नव्हतं, पण रेघ कशावर पडली हे कळायला अक्षर लागत नाही.

“किती सोपं हाये व,” त्या हळू म्हणाल्या.

सुचितानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. जी नव्हती तिचं नाव, मग पुन्हा जी नव्हती तिचं. “रेणुका.”

उत्तर नाही.

“रेणुका.”

खिडकीजवळची पोरगी पट्ट्याकडे पाहत होती. हात सवयीनं खडे टिपायच्या तयारीत.

“अव, तुले बलावून राह्यल्या,” सत्यभामाबाई टेबलापासूनच म्हणाल्या. “हाव म्हण. इतकं भांडून घेतलं नाव, आता वापर तरी.”

“हाव,” रेणुका दचकून म्हणाली, आणि लाल झाली.

तेवढ्यात फोन. राजकुमारशेठ. सुचितानं तो कानाला लावला आणि शेडच्या दाराकडे गेली, म्हणजे तिचं तोंड कोणाला दिसणार नाही.

“हो शेठ. हो, एक जागा, एक नाव. झालं ते. नाही, हजेरी... लग्न आहे बीबीला. हो, सगळ्यांनी कळवलंय. नियमाप्रमाणेच. हो, मीच लिहिला. नाही शेठ, ट्रक संध्याकाळी निघेल. निघेल म्हणाले ना. बघते.”

फोन बंद केला. पट्ट्याकडे पाहिलं. मग मशीनकडे, जिथे उकंडराव नव्हते. मशीन चालवायला ती स्वतः उभी राहू शकत होती, फार तर. पण पट्ट्याला हात कुठून आणायचे? चार-सहा बायांचे हात, त्यातलं एक बोट पट्टीत. दुपारी ड्रायव्हर विचारणार, रात्री शेठ विचारणार, आणि उद्या सकाळी लग्नाचा लाडू खाऊन उकंडराव विचारणार, कसं झालं म्याडम.

सत्यभामाबाई अजून गेल्या नव्हत्या. दाराच्या आतल्या बाजूला पिंपातून त्यांनी पाणी घेतलं, प्यायल्या, पेला उपडा घातला. पट्ट्यावरून त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, फटीफटीवर थांबत. पंचवीस वर्षांची सवय. कुठे किती बाया कमी आहेत, हे त्यांचे डोळे आपोआप मोजत होते, आणि गावात आत्ता या घडीला कोण कोण रिकामं आहे, हेही बहुधा.

सुचिता त्यांच्याजवळ गेली. घसा खाकरला. भिंतीवरच्या कागदाकडे पाठ येईल अशी उभी राहिली.

“मावशी.”

“हं.”

“आजच्या दिवस... म्हणजे फक्त आज. दारातली जागा रिकामी आहे. त्या जागेवर बसता का? आणि गल्लीतल्या दोन-चार जणी मिळाल्या तर... सारिका कुठे आहे?”

पट्ट्यावरच्या बायकांचे हात थांबले. रेणुकानं मान वळवली.

सत्यभामाबाईंनी सुचिताकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागे, पिंपाच्या वर, प्लास्टिकमधल्या कागदाकडे. तिथेच थोडा वेळ बघत राहिल्या, जणू ते दोन नंबरचं स्वतः वाचून घेत होत्या. मग रुमाल झटकला, डोक्याला गुंडाळला, हनुवटीखालून घेऊन मागे घट्ट गाठ मारली, जशी पट्ट्याला बसायच्या आधी मारतात तशी. सुचितानं सुटकेचा श्वास घेतला.

“बसता ना मावशी?”

सत्यभामाबाई वळल्या आणि गेटातून बाहेर पडल्या, ट्रकच्या बाजूनं, गावाच्या रस्त्याला, बोटांवर गावातल्या बाया मोजत.